आधी फिर्याद लिहून घ्या!

‘पोलीस हा जनतेचा मित्र आहे’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यावर विश्वास ठेवायचे राहूनच गेले. मित्राच्या घरी जाताना माणूस वाटेत चारचौघांना विचारत नाही, की ‘अहो, तिथे तुमच्या ओळखीचे कोणी आहे का?’ पोलीस ठाण्यात जायची वेळ आली की मात्र आपल्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो. नगरसेवकाला फोन जातो, भावकीतल्या एखाद्या वकिलाची आठवण होते, मेहुण्याचा वर्गमित्र हवालदार आहे हे एकाएकी कळते. ओळख निघाली तर आपण ठाण्याची पायरी चढतो. नाही निघाली तर ‘गेले ते गेले’ म्हणून कपाळाला हात लावून घरी बसतो.

मुख्याध्यापक या नात्याने गेली कित्येक वर्षे मला शांतता समितीच्या बैठकांना बोलावणे येते. गणेशोत्सवाच्या आधी, ईदच्या आधी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या आधी. चहा होतो, बिस्किटे होतात, साहेबांचे भाषण होते. ‘संशयित माणूस दिसला तर कळवा. भाडेकरूंची माहिती द्या. दुकानाबाहेर कॅमेरा बसवा. मिरवणूक वेळेत संपवा. अफवांवर विश्वास ठेवू नका. जनतेने सहकार्य करावे.’ तीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या माझ्या कानाला यात एक गोष्ट खटकते. सगळी क्रियापदे आज्ञार्थी आहेत आणि सगळ्या वाक्यांचा कर्ता जनता आहे. ‘पोलीस’ हा शब्द कर्त्याच्या जागी असलेले एकही वाक्य मी या बैठकांत अजून ऐकलेले नाही.

गुन्हे कमी व्हायचे तर पोलीस आणि लोक यांना एकमेकांची साथ हवी, याबद्दल शहाण्या माणसाचे दुमत असण्याचे कारण नाही. चोर कॅमेऱ्यात दिसतो. पण तो कोणाचा कोण, कुठे राहतो, कालपासून त्याच्या हातात पैसा कुठून खुळखुळतो आहे, हे सांगायला गल्लीतले माणूसच लागते. शाळेच्या मागच्या बाजूला गांजाच्या पुड्या कोण विकतो, हे पोलिसांच्या आधी पानपट्टीवाल्याला ठाऊक असते आणि त्याच्याही आधी नववीतल्या पोरांना. ही माहिती ठाण्यापर्यंत पोचत का नाही, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर सरळ आहे. सहकार्य समितीच्या सभागृहात जन्माला येत नाही. ते फिर्याद लिहून घेणाऱ्या टेबलापाशी जन्माला येते, आणि बहुतेक वेळा तिथेच त्याचा गळा आवळला जातो.

त्या टेबलावर काय घडायला हवे, हे कायद्याने कधीच सांगून ठेवले आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम सांगते की, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागेल. ती फिर्यादीला वाचून दाखवावी लागेल. तिची प्रत त्याला विनामूल्य द्यावी लागेल. १९३ वे कलम सांगते की, तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवावे लागेल. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद न लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

आणि प्रत्यक्षात काय घडते? ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या.’ ‘एवढ्या सोन्याची पावती आहे का?’ ‘ही हद्द आमची नव्हे.’ हे शेवटचे वाक्य तर सीमेवर राहणाऱ्यांच्या पाचवीला पुजलेले आहे. बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. चोराला ही हद्द ओलांडायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. फिर्यादीच्या कागदाला किती महिने लागतील ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. आणि एवढे करून कागद घेतलाच, तर तो साधा ‘अर्ज’ म्हणून घेतला जातो. अर्ज आणि एफआयआर यांतला फरक सामान्य माणसाला कळत नाही, हेच त्या टेबलाचे भांडवल आहे.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांची दुचाकी बाजारातून चोरीला गेली. ठाण्याचे नाव सांगत नाही. ते बदलले तरी अनुभव बदलेल असे नाही. गृहस्थ शेतकरी, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. कानडी बोलता कामापुरते येते, वाचता येत नाही. कागदावर सही केली आणि ‘तक्रार घेतली एकदाची’ म्हणून समाधानाने माझ्याकडे आले. आमच्या कानडीच्या शिक्षकांनी कागद वाचला तेव्हा उलगडा झाला. त्यात गाडी ‘चोरीला गेली’ असे नव्हतेच. ‘हरवली’ असे होते. चोरी असती तर तपास करावा लागला असता. हरवल्याची नोंद ही केवळ नोंद असते. एका शब्दाने चोर सुटला, चोरीही सुटली, आणि सही मात्र फिर्यादीची!

हे हवालदाराच्या दुष्टपणामुळे घडते असे मी म्हणणार नाही. त्यामागे एक रीत आहे. दरमहा गुन्ह्यांचा आढावा घेतला जातो, तेव्हा कोणत्या ठाण्यात किती गुन्हे नोंदले हे मोजले जाते. ज्याने प्रामाणिकपणे सगळ्या चोऱ्या नोंदवल्या त्याच्या हद्दीत गुन्हेगारी ‘वाढली’. ज्याने फिर्यादी परतवून लावल्या त्याच्या हद्दीत रामराज्य! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या जाड जाड वार्षिक अहवालांतही नोंदलेलेच गुन्हे मोजलेले असतात. परीक्षेला फक्त हुशार मुले बसवून शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळा आम्हा शिक्षकांना परिचित आहेत. हा त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की इथे मागे ठेवलेले विद्यार्थी लुटले गेलेले नागरिक असतात.

या अविश्वासाची मुळे जुनी आहेत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. त्यांच्यासमोर नमुना होता आयर्लंडच्या निमलष्करी पोलीस दलाचा. रयतेवर वचक ठेवणे हे त्या दलाचे काम. मुंबई इलाख्यासाठी पुढे १८९० चा कायदा आला, आज आमच्यावर कर्नाटकाचा १९६३ चा कायदा चालतो. पण कायद्याचे साल बदलले म्हणून वचकाची सवय बदलली नाही. खुद्द कायद्याचाही पोलिसावर पुरता विश्वास नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. ज्याच्यावर कायदा विसंबत नाही, त्याच्यावर म्हाताऱ्या बाईने बेलाशक विसंबावे, अशी अपेक्षा कशी करायची?

आणि आम्ही तर सीमाभागातले. आम्हाला पोलीस भेटतो तो बंदोबस्तात. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनी तो आमच्या फेरीच्या आडवा उभा असतो. १ जून १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसे मेली. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष द्यायला उभे आहे. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरला फलकाच्या प्रकरणात लाठ्या चालल्या, तेव्हा मार खाणाऱ्यांत बायका आणि म्हातारी माणसेही होती. ज्या गावाने खाकी कपडा लाठीच्या टोकाशीच पाहिला, त्या गावाने रात्री संशयिताची बातमी घेऊन ठाण्यात धावत जावे, ही अपेक्षा करणाऱ्याने निदान एकदा तरी त्या गावात जाऊन जमिनीवर बसून बोलायला हवे.

ही भीती किती महाग पडते याचा पुरावा आता भ्रमणध्वनीवर मिळू लागला आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची फसवणूक सगळ्यांना ठाऊक झाली आहे. चोर पोलिसाचा गणवेश घालून पडद्यावर येतो, ‘तुमच्या नावावर गुन्हा आहे, खोलीबाहेर पडू नका, कोणाला सांगू नका’ असे दरडावतो आणि जन्माची पुंजी काढून घेतो. अशी अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून देशाला सांगावे लागले. तरीही मार्च २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील एका वृद्ध दांपत्याने या छळाला कंटाळून जीव दिला. मला विचाराल तर या घटनेत एक भयंकर सत्य दडलेले आहे. चोराने डॉक्टरचा वेश घेतला नाही, मास्तराचा घेतला नाही, पोलिसाचा घेतला. कारण कोणत्या कपड्याला पाहून माणसाची बोबडी वळते हे त्याला पक्के माहीत आहे. खऱ्या ठाण्यात जाऊन ‘हा फोन खरा आहे का?’ असे विचारायची ज्याला हिंमत आहे, तो फसत नाही. शेजारच्या ठाण्यातला फौजदार ज्याला नावाने ओळखतो, तो फसत नाही. १९३० हा मदतीचा क्रमांक पाठ करून घेणे सोपे आहे. तो फिरवायचे धैर्य पाठांतराने येत नाही.

इथवर वाचून ज्यांनी माना डोलावल्या असतील, त्यांना आता थोडे कडू घोट घ्यायला लावणार आहे. सगळे पाप टेबलापलीकडच्या माणसाचे नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातील एका गावात, मुलाने मुलगी पळवून नेली म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून विजेच्या खांबाला बांधले गेले. गाव जागे झाले होते. माणसे उभी होती. सोडवायला धावणारा एखादाच निघाला आणि त्यालाही मार बसला. कर्नाटक उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली आणि मूक बघ्यांना खडे बोल सुनावले. इंग्रज गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या काळात गुन्हा दडवणाऱ्या गावावर सामुदायिक दंड बसवला जाई, त्याची आठवण न्यायालयाला करून द्यावी लागली! तिथे भाषेचा प्रश्न नव्हता, सीमेचा नव्हता. तिथे पोलिसांनी एफआयआर नाकारला म्हणून गाव गप्प राहिले नव्हते. प्रश्न आपल्या हिमतीचा होता.

आपल्या इतर खोडीही काही कमी नाहीत. मटक्याचा अड्डा चालवणारा मंडळाला मोठी वर्गणी देतो, म्हणून मांडवात त्याचा सत्कार होतो. दारू पिऊन गाडी ठोकणारा ‘आपला पोरगा’ असला की अर्ध्या तासात ठाण्यात दहा माणसे जमतात. लुटल्या गेलेल्या भाजीवालीच्या मागे एकही जमत नाही. साक्ष द्यायची वेळ आली की ‘कोर्टाच्या तारखा कोण करणार?’ म्हणून आपण पाठ फिरवतो. वशिल्याने फिर्याद नोंदवून घेणारे आपणच, आणि वशिल्याने ती मागे घेणारेही आपणच. टेबलावरचा माणूस माणसे पाहून वागायला शिकला, त्याला आपणही पुष्कळ शिकवले आहे.

आणखी एक. आपली मुले कर्नाटक पोलिसांत किती आहेत? बोटांवर मोजावी लागतील. कानडी कच्चे, म्हणून भरतीकडे पाठ. मी तीस वर्षे मराठी शाळेत काढली आहेत आणि सक्तीला माझा विरोध आजही तितकाच कडवा आहे. पण सक्तीला विरोध करणे म्हणजे भाषा न शिकणे नव्हे. ज्या कागदावर आपली सही लागते तो आपल्या पोराला वाचता आला पाहिजे. ज्या टेबलावर आपले गाऱ्हाणे लिहिले जाते, त्याच्या पलीकडेही आपला एखादा पोरगा, एखादी पोरगी बसलेली दिसली पाहिजे. आमच्यातल्या पुढाऱ्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

मग मार्ग काय? मार्ग सापडलेले आहेत, पण ते सोयीने वापरले जातात. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत हिंदू-मुसलमानांच्या समित्या उभ्या केल्या. त्यांचे वैशिष्ट्य हे, की त्या दंगल नसताना भेटत. गटारापासून भाडेकरूपर्यंतची गाऱ्हाणी तिथे निघत, आणि गल्लीतला शिपाई त्या माणसांना नावानिशी ओळखू लागला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा जवळची भिवंडी शांत राहिली. केरळात २००८ मध्ये ‘जनमैत्री सुरक्षा’ सुरू झाली. तीतही बीटच्या पोलिसाने घरोघर जाऊन माणसे ओळखायची हीच मुख्य गोष्ट आहे. सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लजकडे १९६७ च्या कायद्याने नेमलेला पोलीस पाटील गावात असतो. आमच्याकडे जुनी वतने १९६१ च्या कायद्याने गेली. वतन गेले हे उत्तमच झाले. पण गाव आणि ठाणे यांच्यामध्ये उभा राहणारा जबाबदार माणूसही त्याबरोबर गेला. जुलै २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने ‘मने मनेगे पोलीस’, म्हणजे घरोघरी पोलीस, ही योजना सुरू केली. तिचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र घरी आलेल्या पोलिसाने नुसती आपली माहिती वहीत उतरवून नेली, आणि आपण ठाण्यात गेलो तेव्हा ‘उद्या या’ ऐकले, तर ती योजना खानेसुमारी ठरेल.

उलट्या दिशेने गेलेले उदाहरणही डोळ्यांपुढे असू द्यावे. तामिळनाडूत १९९३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही स्वयंसेवकांची चळवळ सुरू झाली. जून २०२० मध्ये सातनकुळम येथे बाप-लेकांचा पोलीस कोठडीतील छळाने मृत्यू झाला, तेव्हा या नावाने वावरणाऱ्या स्वयंसेवकांवरही आरोप झाले. संघटनेने ते नाकारले. पण पुढच्याच महिन्यात सरकारला या स्वयंसेवकांचा वापर बंद करावा लागला. गावातल्या चार टग्यांना शिट्टी आणि काठी दिली की लोकसहभाग झाला, असे ज्यांना वाटते त्यांनी हे विसरू नये. मित्रमंडळ पोलिसांचे होऊन चालत नाही. पोलीस गावाचा व्हावा लागतो.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. पहिली, प्रत्येक फिर्याद त्याच दिवशी नोंदवावी आणि तिची प्रत त्याच टेबलावर हातात द्यावी. दुसरी, आपले गाऱ्हाणे देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे; तेव्हा मराठीत लिहिलेली फिर्याद मुकाट्याने स्वीकारावी, आणि कानडीत उतरवलेली असेल तर सहीपूर्वी फिर्यादीला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावी. तिसरी, नव्वद दिवसांत तपासाची खबर घरी आली पाहिजे. ‘काही लागले नाही’ एवढे एक वाक्य का असेना, ते कळवावे. चौथी, साक्षीदाराला हेलपाटे घालायला लावू नयेत. बायका, पंधरा वर्षांखालील मुले आणि साठीपुढची माणसे यांचा जबाब त्यांच्या घरी घ्यावा, हे नव्या संहितेच्या १७९ व्या कलमातच आहे. आणि पाचवी, ठाण्याची परीक्षा नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यावर घेणे बंद करावे. किती फिर्यादी आल्या, किती नोंदल्या आणि कितींना उत्तर मिळाले, हे शांतता समितीच्या दर बैठकीत साहेबांनी उभे राहून वाचून दाखवावे. पोलीस कर्ता असलेले ते पहिले वाक्य ऐकायला मी हौसेने जाईन.

आपल्याकडूनही तितकेच हवे. वशिल्याचा फोन बंद. गुन्हेगाराची वर्गणी बंद. ज्याला भाषा येते त्याने ज्याला येत नाही त्याच्याबरोबर ठाण्यात जावे. प्रत्येक मंडळाने, प्रत्येक शाळेने अशी दोन माणसे ठरवून ठेवावीत. आमच्या शाळेने यंदापासून तशी ठेवली आहेत. आठवी-नववीच्या मुलांकडून एफआयआर म्हणजे काय हे आम्ही फळ्यावर लिहून पाठ करून घेतो. परीक्षेला तो प्रश्न येत नाही, आयुष्याला येतो.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल, आणि आपल्या बाजूने सुटावा अशीच माझीही इच्छा आहे. पण घरफोडी आज रात्री होते. शाळेच्या फाटकाशी पुडी आज दुपारी विकली जाते. त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहायची गरज नाही. ठाण्यात जा, आपल्या भाषेत सांगा, लिहिलेले वाचून घ्या, आणि शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय ती पायरी उतरू नका.